चुलीचा वैल आणि संगणकाचा खेळ

पाचाड हें आमचें गांव रायगडाच्या पायथ्याशीं आहे. जिजाऊसाहेबांचा वाडा व समाधि पाहावयास येणाऱ्या मंडळींस येथील कांहीं घरांत अजून मातीची चूल दिसेल, आणि तिला चिकटून असलेला वैलहि दिसेल. शहरांतील गॅसच्या शेगडीस वैल नसतो, म्हणून त्याचें काम सांगतों. चुलीवर भाकरी भाजत असतां जी धग वायां जावयाची, ती आंतल्या भोंकांतून वैलाकडे जाते आणि त्यावर ठेवलेली आमटी शिजते. लांकूड तेंच, जाळ तोच, कामें मात्र दोन. पण वैल म्हणजे दुसरी चूल नव्हे.

ह्या वैलाची आठवण मला नातवाच्या संगणकानें करून दिली. त्याचे खेळ मंद चालत. प्रोसेसरमधील हायपरथ्रेडिंग बंद केलें कीं खेळ सुधारतो, असें कोठेंसें ऐकून त्यानें तें बंद केलें. तों चित्रें मध्येंच अडखळूं लागलीं. मग नव्या संगणकाचा हट्ट सुरू झाला, आणि माझा मुलगा पतपेढींतून कर्ज काढावयास निघाला. तेव्हां मला ह्या प्रकरणांत लक्ष घालणें भाग पडलें.

प्रोसेसरच्या पोटांत काम करणारे जे स्वतंत्र विभाग असतात, त्यांस कोअर म्हणतात. मेमरींतून एखादा आकडा मागविला, तर तो येईपर्यंत कोअरला कधीं कधीं शेंकडों ठोके स्वस्थ बसावें लागतें. हा रिकामा वेळ दुसऱ्या कामाच्या धाग्यास द्यावयाचा, एवढीच ही युक्ति. इंटेल कंपनीनें ती २००२ सालीं बाजारांत आणली; एएमडीच्या रायझेन प्रोसेसरांत ती २०१७ सालीं आली. विंडोज अशा एका कोअरचे दोन प्रोसेसर मोजून दाखवितें, आणि येथेंच माणूस फसतो. पडद्यावर आठाचा आकडा पाहून त्याला आठ चुली असल्याचा भास होतो.

सेकंदास ६० चित्रें दाखवावयाचीं, तर एका चित्रास सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. खेळांत एक मुख्य धागा असतो. तो भाकरीसारखा, त्याला पुरता जाळ हवा. त्याच कोअरवर दुसरा जड धागा येऊन बसला, तर आंतील साधनें दोघांत वांटलीं जातात व भाकरी कच्ची राहते. बंद करण्याचा सल्ला निघाला तो येथूनच, आणि तो अगदींच खोटा नव्हे. आठ कोअर असतील तर कांहीं खेळांस थोडा लाभ होतो. कित्येकांस कांहींच फरक पडत नाहीं. इंटेलनें २०२४ सालीं काढलेल्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेंतून ही सोयच काढून टाकली. पण तेथें कोअर २४ पर्यंत आहेत. आमच्या घरीं चार! हल्लींचे मोठे खेळ चाराहून अधिक धागे चालवितात. वैल मोडला कीं आमटीचें भांडें चुलीवर येणार, आणि भाकरी खोळंबणार.

मीं नातवाला शाळेंतल्या रीतीनें प्रयोग करावयास लावलें. संगणक सुरू होतांना बायोसमध्यें शिरून ती सोय एकदां बंद, एकदां चालू. बाकी कशाला हात लावावयाचा नाहीं. तोच खेळ, तीच गर्दीची जागा, तीन तीन वेळां. सरासरीवर भिस्त न ठेवतां सर्वांत उशिरां आलेलीं चित्रें पाहा, असें बजावलें. वर्गाची सरासरी चांगली म्हणून नापास झालेला मुलगा कांहीं वर चढत नाहीं! सोय चालू केल्यावर गर्दींतलें अडखळणें बरेंच ओसरलें. दुसऱ्या एका खेळांत मात्र दोन्ही वेळां वेग सारखाच मंद. तेथें चित्राची बारकाई कमी करतांच तो वाढला. म्हणजे अडचण ग्राफिक्स कार्डाची होती, प्रोसेसरची नव्हेच.

कर्जाचा अर्ज अजून कोराच घरांत पडला आहे. नातू मात्र कालपासून ग्राफिक्स कार्डांच्या किमती विचारूं लागला आहे.