पहिली गिटार घेताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या कोजागिरीला आपल्या गच्चीवर भजनांना मी गिटारची साथ केली. तेव्हापासून निदान सातआठ जणींनी मला जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, हळदीकुंकवात गाठून एकच प्रश्न विचारला आहे. कुणाच्या नातवाला गिटार हवी आहे, कुणाच्या भाचीला, आणि दोघीतिघींनी तर आवाज खाली आणून, ‘मलाच शिकायची आहे हो, पण या वयात बरे दिसेल का?’ असेही विचारले. चिटणीसबाई म्हणाल्या, प्रत्येकीला जिन्यात अडवून सांगण्यापेक्षा एकदाच व्यासपीठावरून सांगा. मी काही वादक नाही, पंडिता तर नाहीच नाही. मात्र गिटार घेताना एकदा फसलेली आणि दुसऱ्यांदा सावध झालेली गृहिणी आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

फसल्याची हकिगत आधी सांगते. आमची मुलगी नववीत असताना तिने गिटारचा हट्ट धरला. आम्ही एका दुकानात गेलो आणि दोन हजार रुपयांत एक लालभडक, चकचकीत गिटार घेऊन आलो. तारा दाबून पाहाव्यात हे मला ठाऊक नव्हते, आणि दुकानदाराने सांगितले नाही. पोरगी रोज बसे. बोटांची टोके लाल होत, सोलून निघत, आणि इतके करून सूर काही स्वच्छ येत नसे. तीन महिन्यांनी तिने ती गिटार कोपऱ्यात ठेवली. मी काय म्हणाले असेन? जे आपण सगळ्याच आया म्हणतो तेच. ‘तुला चिकाटी म्हणून नाहीच. पैसे मात्र पाण्यात गेले.’ गिटार माळ्यावर गेली.

२०२१ साली माळा आवरताना ती पुन्हा हाती आली. उगीच कुतूहल म्हणून मी ती तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने दांडीच्या मध्यावर पट्टी लावली. तार दांडीपासून पाच मिलिमीटर वर होती. असायला हवी अडीचच्या आत. दांडीही पुढे वाकलेली होती. तो म्हणाला, ‘ताई, यावर माझीही बोटे टिकणार नाहीत.’ त्या रात्री मी मुलीला फोन करून हे सांगितले. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, ‘आई, मला इतकी वर्षे वाटत होते, माझीच बोटे वाईट आहेत.’

भगिनींनो, एवढ्यासाठीच मी आज उभी आहे. वाईट वाद्याचा दोष शिकणाऱ्याच्या माथी बसतो. पैसे गेले त्याचे फार नाही. मुलाचा किंवा आपला स्वतःवरचा विश्वास जातो, तो परत आणणे महाग पडते.

आता काहीजणी म्हणतील, हे परदेशी वाद्य आपल्याला हवेच कशाला? तर आपली पेटी तरी कुठली? तीही युरोपातूनच आली, आणि १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदीही घातली होती. आज पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही. व्हायोलिनचे तेच. आणि गिटार तर शेजारच्या गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहे. वाद्याला जात नसते. ते आपल्या गाण्याला उपयोगी पडते की नाही, एवढे पाहावे.

पुढचा प्रश्न असा, की साधी गिटार घ्यावी की विजेला जोडता येणारी? दुकानात हिला इलेक्ट्रो-अकूस्टिक म्हणतात. ही पोकळ लाकडी गिटारच असते, वायर न जोडताही वाजते. फक्त तारा ज्या पट्टीवरून घोडीवर उतरतात, त्या पट्टीखाली बहुधा एक बारीक पिकअप बसवलेला असतो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांतून वीज उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. तेच तत्त्व येथे कामी येते. तारेचे कंपन पट्टीला दाबते, त्याची वीज होते, गिटारच्या कुशीत बसवलेली लहानशी यंत्रणा ती वाढवते आणि वायरीने ती ध्वनिवर्धकाकडे जाते. या यंत्रणेला सहसा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते.

मला ही का लागली? कारण आपल्या सभागृहात पेटी, तबला आणि तीस बायकांचे आवाज यांत साधी गिटार बुडून जात असे. पुढ्यात मायक्रोफोन ठेवला तर तो शिट्टी मारी, आणि मला पुतळ्यासारखे बसावे लागे. तुमचाही असा उपयोग असेल तर पिकअपची गिटार जरूर घ्या. पण फक्त घरी, खोलीत वाजवायची असेल तर तिची गरज नाही. तेवढेच पैसे साध्या गिटारीत घातले तर लाकूड अधिक चांगले मिळते, आणि पिकअप पुढे हवा तेव्हा कारागिराकडून बसवून घेता येतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे येथेही खरे.

आता दुकानात गेल्यावर काय पाहावे, ते क्रमाने सांगते. दुकानदार आधी वायर जोडून मोठ्याने वाजवून दाखवील. त्याला हसून म्हणावे, ‘वायर नंतर, आधी अशीच वाजवा.’ वीज आवाज मोठा करते, गोड करीत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

पहिली गोष्ट तारांची उंची. पर्समध्ये मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी न्यावी. दांडीवर धातूचे आडवे पडदे असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत अंतर मोजावे. जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर हरकत नाही. तीनच्या वर असेल तर, ‘आधी उतरवून द्या, मग बोलू,’ असे सांगावे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतात, तसेच येथे पट्टी घासून उंची उतरवतात. काम थोडक्या पैशांचे आहे, पण त्यावर शिकणे टिकणार की सुटणार हे ठरते.

दुसरी गोष्ट दांडी. नेहमीच्या बाराच्या संचातील सहा तारांचा मिळून ताण सुमारे सत्तर किलो असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या दांडीला लोंबकळत असतो म्हणा ना. तो सोसण्यासाठी दांडीच्या पोटात लोखंडी गज असतो. तो फिरवून दांडीचा बाक कमीजास्त करता येतो की नाही, हे विचारून घ्यावे. मग एक डोळा मिटून, सुतार फळी पाहतो तशी दांडी लांबीत पाहावी. पीळ पडलेला दिसला तर ती गिटार खाली ठेवावी. दांडीच्या कडेवरून हातही फिरवावा. नव्या पातेल्याची कड आपण चाचपतो तसा. फ्रेटची टोके बोचत असतील तर नको.

तिसरी गोष्ट सूर. येथे मात्र आपण भजन म्हणणाऱ्या बायका दुकानदाराला भारी आहोत. तार मोकळी छेडावी, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून छेडावी. बरोबर वरच्या सप्तकातला तोच सूर आला पाहिजे. कणसूर वाटला तर कानावर विश्वास ठेवावा, दुकानदारावर नको. मग सहाही तारा प्रत्येक फ्रेटवर एकेकदा दाबून वाजवाव्यात. कोठे झणझण येते का ते ऐकावे. याला दहा मिनिटे लागतात. साडी घेताना आपण तासभर घालवतो, तेव्हा दहा मिनिटांचा संकोच बाळगू नये.

चौथी गोष्ट आकार. ड्रेडनॉट नावाचा मोठा आकार सर्रास मिळतो. आवाज भरदार, पण ठेंगण्या बाईच्या उजव्या खांद्याला तो वर उचलून धरतो. मी अर्धा तास बसून पाहिले आणि लहान, कमरेला निमुळता आकार घेतला. दिसण्यावर न जाता, खुर्चीत बसून, पदर खोचून, मांडीवर घेऊन पाहावे.

लाकडाविषयी थोडेच सांगते. तबली, म्हणजे पुढची फळी, एकसंध स्प्रूसची असेल तर आवाज वर्षानुवर्षे खुलतो, पण किंमत वाढते. थर चिकटवलेल्या फळीचा आवाज थोडा बंद असतो, पण पावसाळ्यातील ओल ती अधिक सोसते. पहिल्या गिटारीला थरांची फळी चालते.

हे सर्व पटले की मग वायर जोडावी. सहाही तारांचा आवाज सारखा येतो का, बटणे फिरवताना खरखर होते का, वायरीचे तोंड सैल आहे का, बॅटरीचे घर नीट बसते का, एवढे पाहावे. आणि एक सवय लावून घ्यावी. बहुतेक गिटारींत वायर खोचलेली असली की बॅटरी खर्च होत राहते, मग तुम्ही वाजवा की नका वाजवू. कार्यक्रम संपला की वायर काढावी. मी एकदा विसरले आणि नेमकी आरतीच्या वेळी मुकी झाले.

किमतीचे म्हणाल तर नावाजलेल्या कंपनीची पिकअपवाली नवशिकी गिटार आज साधारण दहा ते अठरा हजारांत मिळते. हातात बारा हजार असतील तर दहाचीच घ्यावी आणि दोन हजार बाजूला ठेवावेत. पिशवी, तारांचा जादा संच, तारांची उंची उतरवण्याची मजुरी आणि कॅपो यांसाठी. कॅपो हा दांडीला लावायचा चिमटा. एक फ्रेट पुढे सरकला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. पांढरी पाचचे सोपे पकड-आकार शिकून घ्यावेत. पहिल्या फ्रेटवर चिमटा लावला की काळी चार, तिसऱ्यावर लावला की काळी पाच. आपल्या बहुतेक गायिकांची सोय एवढ्यात होते.

सुरुवातीला तारा बाराऐवजी दहाच्या, म्हणजे बारीक घ्याव्यात. रोज पंधरा मिनिटे बसावे. बोटे पहिले काही आठवडे दुखतात, मग टोकांची कातडी घट्ट होते. हे दुखणे चांगल्या गिटारीवरही आहेच, पण ते सोसण्याजोगे असते, आणि बदल्यात सूर मिळतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, पावसाळ्यात गिटार ओल्या भिंतीला टेकवू नये, उन्हात मोटारीत विसरू नये.

शेवटी एवढेच सांगते. मुलीने आता स्वतः कमावून एक गिटार घेतली आहे. घेताना तिने पट्टी नेली होती, आणि मोजून मला फोन केला होता, ‘आई, सव्वादोन.’ मंडळात ज्यांना गिटार घ्यायची आहे, त्यांनी मला सांगावे. शनिवारी दुपारी मी मोकळी असते, बरोबर येईन. पट्टी माझ्या पर्समध्ये कायमची आहे. आणि ज्यांच्या माळ्यावर एखादी गिटार धूळ खात पडली असेल, त्यांनी मुलांना बोल लावण्याआधी ती एकदा खाली काढून मोजून पाहावी.