दाराजवळची खुर्ची
(मंडळात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या गणपतीच्या कार्यक्रमांत मी नेहमी पाहतो, साठीपुढचे काका-आजोबा दाराजवळची खुर्ची धरतात. नाटक चालू असताना उठावं लागतं ना! विचारलं तर म्हणतात, "वयाचं आहे." बहुतेकदा ते खरंच असतं. मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयाबरोबर ती वाढते, धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे.

कॅन्सरची गोष्ट उलटी. सुरुवातीला तो बहुधा काहीच त्रास देत नाही. माझ्या थोरल्या काकांनी वर्षभर कंबरदुखीवर तेल चोळलं. निदान झालं तेव्हा रोग हाडांत पोचला होता. घरात डॉक्टर पुतण्या, पण त्याच्याशी असलं बोलायचं कसं? आणि मीही कधी विचारलं नाही.

पीएसए ही रक्ताची साधी तपासणी. आकडा 4 च्या वर गेला की लगेच घाबरू नका. साध्या वाढीने, संसर्गानेही तो चढतो. पुन्हा तपासणी, एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सी, असा क्रम असतो. मग सगळ्यांनीच ती करावी का? नाही. काही कॅन्सर इतके सावकाश वाढतात की उपचारांचाच त्रास जास्त. अमेरिकेतील 2018 ची शिफारस सांगते: 55 ते 69 या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा, सत्तरीनंतर सरसकट नको. वडिलांना किंवा भावाला झाला असेल, तर पंचेचाळिशीतच विचारा.

सावकाश वाढणाऱ्या रोगावर नुसतं नियमित लक्ष ठेवलं तरी चालतं. ग्रंथीपुरता असेल तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. त्यानंतर लघवीवरचा ताबा आणि वैवाहिक सुख यांवर परिणाम होऊ शकतो. ते आधीच, पत्नीला बरोबर घेऊन, विचारा. पसरला असेल तर पुरुषी संप्रेरक रोखतात. हा मार्ग 1941 मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवला. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काका त्याच उपचारावर चार वर्षं हिंडते-फिरते होते. पहिल्या सल्ल्यासाठी मुंबईच्या टाटापर्यंत जायला नको. ग्वाल्हेरात जयारोग्य आहे, कॅन्सर हॉस्पिटल आहे.

शेवटी एकच. आपला कोणता पूर्वज शिंद्यांबरोबर इकडे आला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आजोबा कशाने गेले, विचारलं तर उत्तर येतं, "म्हातारपणाने." वंशावळीत तेवढी एक ओळ वाढवा. मुलांना तीच उपयोगी पडेल.