भाग दुसरा : हळदीचा पडदा आणि मंजिष्ठेचा लाल

मागच्या भागात आपण सुती कापड कसं निवडायचं ते बघितलं. आज त्याच्यावर नैसर्गिक रंगांची छपाई, आणि तीसुद्धा घरातल्या कापडासाठी. म्हणजे पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं.

सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते. माझं पहिलं मोठं काम पडद्यांचं होतं. हॉलची खिडकी पश्चिमेची. मी हळदीचा पिवळा दिला. काय सुंदर दिसत होता! मार्चमध्ये पडदे लागले आणि जूनमध्ये त्या बाईंचा फोन आला. जाऊन बघते तर चुण्यांच्या आत पिवळा आणि बाहेर नुसता मळका पांढरा, पट्टेच पट्टे! पैसे परत केले. बाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

हळद कापडावर झटकन चढते, पण उन्हात टिकत नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, कारण मी तपासलंच नव्हतं. आता पिवळा हवा असेल तर मी डाळिंबाची साल आणि तुरटी वापरते. तो रंग जरा मातकट येतो, पण हळदीपेक्षा पुष्कळ टिकतो. उन्हाच्या खिडकीला मंजिष्ठेचा लाल किंवा नीळ जास्त भरवशाची.

आता छपाईकडे येऊ. पुष्कळांना वाटतं, ठसा लाल रंगात बुडवायचा आणि कापडावर मारायचा. तसं नसतं. आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवायचं. मग ठशाने छापायची ती तुरटीची खळ. ती जवळजवळ दिसतच नाही! कापड वाळवून धुवायचं आणि मंजिष्ठेच्या पाण्यात उकळायचं. जिथे तुरटी बसली, तिथे लाल उमटतो. काळ्यासाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेलं पाणी. हिरड्याशी गाठ पडली की ते जागच्या जागी काळं होतं. मात्र हे लोखंड जास्त झालं तर काही वर्षांनी नेमकं तिथेच कापड विरतं. म्हणून सोफ्यासाठी मी काळ्याच्या बारीक रेघा ठेवते, मोठे ठोकळे नाही.

पाणीसुद्धा महत्त्वाचं बरं का. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि अजरखचे रंग बिघडायला लागले. तिथल्या बऱ्याच खत्री कुटुंबांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. रंगासाठी गाव बदललं! तेव्हा बोअरचं पाणी वापरत असाल, तर आधी छोटा तुकडा रंगवून बघा.

नक्षी काढताना कापड कुठे लागणार हे आधी ठरवा. पडद्याला चुण्या पडतात, त्यामुळे मोठं फूल अर्धं गायब होतं. तिथे बारीक बुट्टी किंवा उभ्या वेली शोभतात. मोठा ठसा उशीच्या मधोमध घ्या. गडद निळीचं कापड मात्र बसायच्या जागी नको. नीळ धाग्याच्या वरवर बसते, घासली की पांढऱ्या कपड्यांना लागते.

आणि सगळ्या पडद्यांचं कापड एकाच वेळी, एकाच हंड्यात रंगवून घ्या. वर दोन मीटर जास्तीचं. पुढच्या खेपेला तोच लाल येईल असं कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून जरा सांभाळून.

शेवटी एक गृहपाठ. रंगवलेल्या कापडाची पट्टी घ्या, अर्धी पुठ्ठ्याने झाका आणि महिनाभर तुमच्याच खिडकीत चिकटवून ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्ध शेजारी शेजारी बघा. गिऱ्हाइकालाही ती पट्टी दाखवा. मी आता प्रत्येक कामाआधी हे करते. ऑर्डर महिनाभर लांबते, एखादी हातची जातेही. पण जूनमध्ये फोन येत नाही.

पुढच्या भागात फक्त निळीबद्दल बोलू. तोवर प्रश्न पाठवत राहा. भेटू या!