साध्या दिवसाची नानखटाई

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला नानखटाईवर चार शब्द बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण नानखटाईला सातवी पुरते, म्हणून उभी राहिले.

आपल्याकडे गोडाला निमित्त लागते. होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, गणपतीला मोदक. नानखटाईची पाळी दिवाळीला. मैदा, तूप, साखर पिशवीत घालून बेकरीत रांग लावायची, पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि भाजलेला माल डब्यात भरून आणायचा. माहेरी हे काम आम्हां मुलींचे. डबा घरी आला की त्याची वाटणी होई. हा पाहुण्यांचा, हा शेजाऱ्यांच्या ताटांचा. आई स्वतः बसून नानखटाई खाते आहे, असे मी पाहिले नाही. डब्याच्या तळचा चुरा मात्र तिचा ठरलेला.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. आमच्या कोपऱ्यावरची बेकरी बंद, ह्यांचा पगार निम्म्यावर आलेला, मुले घरात कोंडलेली. एके दिवशी दुपारी मी कढईत नानखटाई लावली. वेलदोड्याचा वास सुटला तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "सूनबाई, आज काय आहे गं?" मी म्हटले, "काही नाही, आई. मंगळवार आहे." त्या म्हणाल्या, "अशा दिवसांत तूप-साखर काढतेस?" त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. त्यांनी डबे राखून संसार केला. पण मीही महिन्याचे तूप मोजूनच काढले होते, आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हते, तेही मला दिसत होते. चहाबरोबर प्रत्येकाच्या बशीत दोन ठेवल्या. सासूबाईंचे दात गेलेले. त्यांनी चहात न बुडवता खाल्ली, कारण ती तोंडात विरघळते. पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारले, "मैदा आहे का गं शिल्लक?"

आता कृती सांगते. मैदा 200 ग्रॅम, बेसन 50, घट्ट साजूक तूप 150, पिठीसाखर 125. दोन चमचे रवा, चिमूटभर खाण्याचा सोडा, चमचाभर दही, वेलदोडा, जायफळ. एवढ्यात पेढ्याएवढ्या पंचवीसएक होतात. तूप पातळ घेऊ नये. तूप-साखर हाताने फेसावी, पांढरी आणि हलकी होईपर्यंत. हात भरून येतो, पण त्यात हवा शिरते आणि नानखटाई खुसखुशीत होते. दही त्यातच घालावे. दह्याच्या आंबटपणाने सोडा फुलतो, नाहीतर मागे साबणासारखी चव राहते. पीठ नुसते गोळा करावे, कणकेसारखे तिंबू नये. तिंबले की मैद्याला चिवटपणा येतो, मग ती नानखटाई दाताला विरोध करते. पाणी तर घालूच नका.

जाड बुडाच्या कढईत वाटीभर मीठ पसरून त्यावर कड ठेवावे आणि झाकण घालून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवावे. मग तूप लावलेल्या ताटलीत गोळे लांब लांब ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे. (पुष्कळजणी कुकर वापरतात. कोरडा कुकर तापवणे मला पटत नाही.) कढईत आच खालून, त्यामुळे वरून बेकरीचा रंग येत नाही. रंगाची वाट पाहाल तर बूड करपेल. वर भेगा पडल्या आणि खालची बाजू बदामी झाली की उतरवावी. गरम असताना मऊ लागते म्हणून कच्ची समजू नका, गार झाल्यावर घट्ट होते. उचलायची घाई केली तर हातात चुरा येईल.

सुरतेची नानखटाई प्रसिद्ध आहे. नान हा शब्द फारसी, म्हणजे रोटी. तिचे आपल्या स्वयंपाकघराशी नाते आहे ते आपल्याच बेसनाने आणि जायफळाने. कोणी म्हणेल, मैदा आणि साखर रोज बरी नव्हे. खरे आहे. मी पंधरा दिवसांतून एकदा करते, आणि दोनच्या वर कोणाला देत नाही. घरात ज्यांना साखरेचे पथ्य आहे त्यांना अर्धी.

माझा एक नियम घरात सर्वांना ठाऊक झाला आहे. घाण्यातली पहिली नानखटाई मी खाते. उभ्याने नव्हे, पाटावर बसून. मुलगी सुरुवातीला हसली, "आई, नैवेद्य कोणाला दाखवतेस?" आता ती स्वतः केली की तसेच करते, आणि मला दुसरी देते.

एक राहिले. कढईतले मीठ टाकू नका. गार करून वेगळ्या बरणीत ठेवा, पुन्हा पुन्हा चालते. बरणीवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरातले कोणी ते आमटीत घालील. आणि मागच्या टेबलावर दोन डबे आहेत. एक मुलांनी आधीच उघडला आहे, तेव्हा दुसरा आपण लौकर उघडावा.