मोजलेला प्रेक्षक, न मोजलेला समाज

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि एका संचापुढे सारी आळी बसे. त्या प्रेक्षकवर्गाच्या साक्षीला यंत्राची गरज नव्हती.

पुढे खासगी वाहिन्या आल्या. प्रेक्षक जाहिरातदारास विकण्याची वस्तू ठरला; वस्तू म्हटली की मोजमाप आले. परंतु २०१५ पर्यंत ते नियमित मोजमाप शहरांपुरतेच राहिले. खेड्यांतील भारत हिशेबाबाहेर आणि शहरी घरांतील कलहाच्या मालिका मात्र ‘देशाची आवड’! २०१५ मध्ये ‘बार्क’ने ग्रामीण घरे मोजताच विनाशुल्क वाहिन्या क्रमवारीत वर आल्या.

२०२० मध्ये सुमारे २१ कोटी घरांत दूरचित्रवाणी होती. मोजणीयंत्रे सुमारे ४४ हजार घरांत. म्हणजे एक घर जवळजवळ पावणेपाच हजार घरांच्या वतीने बोलत होते. नमुना नीट निवडला, तर शास्त्राला हे मान्य आहे. पण यंत्र दाखविलेल्यातूनच निवड नोंदवते. न दाखविलेल्याची ओढ त्यास कळत नाही.

त्याच वर्षी मार्चअखेर ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने सांगितले. टाळेबंदी होती, हे खरे. पण इतर वाहिन्याही चालूच होत्या.

किती जण पाहतात, हे आकडा सांगतो. मुलांनी काय पाहावे, हे घरानेच ठरवायचे असते. यंत्र नसलेल्या घरातही संस्कार घडतच असतात.