माईकपुढचा माणूस आपल्या गावचा हवा

(मिरज इथे युवा कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



विषय ऐकून तुमच्यापैकी काहींनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी बघितलं. आपल्या व्यासपीठावर शिक्षण, शिष्यवृत्ती, तलाक, नोकऱ्या यांवर बोललं जातं. मग रेडिओ मध्येच कुठून आला? माझं म्हणणं असं की हे सगळे विषय ज्या जागी बोलायचे, ती जागाच आक्रसत चालली आहे. आणि ती बंदीने नाही, जमाखर्चाच्या वहीतून आक्रसते आहे. म्हणून तिचा आवाज होत नाही.

आधी आपल्या घरचं बघू. सांगली आकाशवाणी १९६३ पासून आहे. मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा या भागातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. शेतीचे भाव, पावसाचा अंदाज, गावोगावच्या कलाकारांचं गाणं, डॉक्टरांना विचारलेले प्रश्न, हे सगळं इथल्या बोलीत बोलणाऱ्या माणसांनी केलं. त्यातले कितीतरी जण कायम नोकरीत नव्हते. आकाशवाणी नैमित्तिक निवेदक घेते. महिन्याला साधारण सहा ड्युट्या, जेवढ्या ड्युट्या तेवढे पैसे. पेन्शन नाही, रजा नाही. म्हणजे ज्या आवाजाला आपण ‘आपली आकाशवाणी’ म्हणतो, तो बऱ्याचदा रोजंदारीवरचा आवाज असतो. काटकसरीची पहिली कुऱ्हाड पडते ती अशाच माणसांवर, कारण त्यांना काढावं लागत नाही. फक्त पुढच्या महिन्याच्या यादीत नाव घालायचं नाही, एवढंच.

महाराष्ट्रातली दोन उदाहरणं सांगतो. नागपूरच्या प्रक्षेपकावरून १९८८ पासून रात्रभर चालणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली. सोबत पाच शहरांतली प्रशिक्षण केंद्रंही गेली. आदेशात कारण स्पष्ट होतं, खर्चात कपात. दुसरं उदाहरण पुण्याचं. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्यांचं काम छत्रपती संभाजीनगरहून करायचा निर्णय झाला. पुणेकरांनी, पत्रकारांनी, लोकप्रतिनिधींनी आरडाओरडा केला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. या दोन गोष्टींत फरक काय? पहिल्या वेळी फारसं कुणी बोललं नाही. दुसऱ्या वेळी लोक बोलले. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

खासगी एफएमचं गणित आणखी सरळ आहे. जाहिरातीवर चालणारा धंदा आहे, त्यात पाप नाही. पण २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपनीला आपल्या देशभरातल्या केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. दहा शहरांत दहा आरजे ठेवण्यापेक्षा एकाच आरजेचा आवाज दहा शहरांत लावणं स्वस्त पडतं. त्यात खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात. ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांची परवानगी द्यावी अशी शिफारस केली. शिफारस चांगली आहे, पण शहरात बातमी आणणारा माणूसच ठेवला नाही, तर ती दहा मिनिटं भरणार कोण?

हे आपल्याकडेच चाललंय असं नाही. बीबीसीने २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेचसे कार्यक्रम एकत्र करायचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी तिथले पत्रकार संपावर गेले. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने किती केंद्रं घ्यावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठली. क्लिअर चॅनेल नावाची कंपनी बघता बघता बाराशेच्या वर केंद्रांची मालक झाली. नॉर्थ डकोटातल्या मायनॉट या छोट्या शहरातली सहाही व्यावसायिक केंद्रं तिचीच होती. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर तिथे रेल्वे घसरली आणि अमोनियाचा ढग शहरावर आला. पोलिसांनी रेडिओ केंद्राला फोन लावले, पण उचलायला माणूस मिळाला नाही. त्या रात्री एक जण दगावला, शेकडो आजारी पडले. पोलिसांची इशारायंत्रणाही नीट जोडलेली नव्हती, यावर पुढे वाद झाला आणि तो खराही होता. पण शहराला रेडिओ आहे आणि रेडिओत माणूस नाही, ही गोष्ट त्या रात्री उघडी पडली.

तुम्ही म्हणाल, मायनॉट कुठे आणि मिरज कुठे. मग ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ब्रह्मनाळला बोट उलटली आणि १७ माणसं गेली. अशा वेळी कोणत्या गल्लीत पाणी शिरलं, कोणता रस्ता चालू आहे, कोणत्या शाळेत सोय केली आहे, हे मुंबई-दिल्लीच्या स्टुडिओतून सांगता येत नाही. ज्याला हरिपूर आणि कृष्णाघाट पायाखालचे आहेत, त्यालाच ते सांगता येतं. मोबाईल आहे की, असं वाटतं. पण वीज गेली, चार्जिंग संपलं, टॉवर बंद पडला की सेलवरचा ट्रान्झिस्टरच हातात राहतो.

आता आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवात, एका कमानीवरच्या चित्रावरून आपल्या मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. तेव्हा तुमच्यातले बरेच जण लहान होते. आता कल्पना करा, असा तणाव आज निर्माण झाला तर पहिली बातमी कुठून येईल? व्हॉट्सॲपवरून. कुणी पाठवली ते कळणार नाही. तिला नाव नाही, पत्ता नाही. स्थानिक निवेदकाला मात्र नाव असतं. त्याला उद्या याच मंडईत भाजी घ्यायची असते, त्याची मुलं याच शाळेत जातात. चुकीचं बोलला तर लोक दारात जाऊन विचारतील, हे त्याला माहीत असतं. स्थानिक माणूस आपोआप न्यायी असतो असं मी म्हणत नाही. पूर्वग्रह गावातही असतात, कधी कधी जास्तच. पण त्याला जाब विचारता येतो. दूरच्या आवाजाला तो विचारता येत नाही.

आणखी एक. राष्ट्रीय चर्चेत ‘मुसलमान’ हा एकच शब्द असतो. त्यात मिरजेतला सतारमेकर नसतो, ज्याच्या हातचा तानपुरा देशभर वाजतो. घरी दखनी, शाळेत मराठी आणि कामावर दोन्ही बोलणारी मुलगी नसते. मिरासाहेबांच्या उरुसाला येणारे सगळ्या जातिधर्मांचे लोक नसतात. हे आपण स्वतः बोललो तरच ऐकू येणार. आणि बोलायला जवळचा माईक लागतो. फोन-इन कार्यक्रमात मिरजेची एखादी बाई शिष्यवृत्तीच्या फॉर्मबद्दल विचारते, तेव्हा तासगावच्या श्रोत्याला ती आधी एक आई म्हणून ऐकू येते. हे काम शंभर सद्भावना मेळाव्यांनीही सहज होत नाही.

मग करायचं काय? कायदा आपल्या बाजूचा आहे, तो वाचा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या निकालात मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्रातले. प्रसारभारती कायद्याच्या बाराव्या कलमात प्रादेशिक भाषा, तरुण, ग्रामीण जनता आणि अल्पसंख्याक यांच्या गरजा लक्षात घेऊन कार्यक्रम करणं हे कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ती मेहरबानी नाही.

म्हणून पहिलं काम दहा रुपयांचं आहे. माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या केंद्रावर रोज किती तास स्थानिक कार्यक्रम होतात, पाच वर्षांपूर्वी किती होते, किती पदं रिकामी आहेत, नैमित्तिक निवेदकांना किती ड्युट्या मिळाल्या, हे विचारा. उत्तर आलं की आपल्या मासिकात छापू, खासदारांना देऊ.

दुसरं काम, ऐका आणि फोन करा. श्रोत्यांची पत्रं नाहीत, फोन नाहीत, म्हणून कार्यक्रम बंद करायला सोपं जातं.

तिसरं काम लांब पल्ल्याचं. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. तीन वर्षं नोंदणी झालेली संस्था हवी आणि निम्मा मजकूर तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून हवा. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. दुष्काळी भागातल्या बायामाणसांनी माईक हातात घेतला. मिरजेत सर्व समाजाच्या मुलामुलींनी मिळून तो का घेऊ नये? फक्त मुसलमानांचा रेडिओ नको, मिरजेचा रेडिओ हवा, आणि त्यात आपली खुर्ची हवी.

खर्च कमी करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायचा आहे. माणूस काढून जे पैसे वाचले, ते वहीत दिसतात. पुराच्या रात्री किंवा अफवेच्या दिवशी त्या माणसावाचून जे नुकसान होतं, ते कोणत्या वहीत लिहिता? ते लिहायला कुणी तयार नसेल, तर मोजायचं काम आपण करू. अर्जाचा नमुना बाहेर टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक घेऊन जा, आणि पुढच्या बैठकीला पोच घेऊन या.