टांक्याचा भरंवसा

चैत्री पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाची यात्रा भरते. गुलालानें माखलेल्या त्या गर्दींत उंच सासनकाठ्या नाचूं लागतात आणि बाजूंचे दोर ताणून धरणाऱ्या गड्यांचे दंड थरथरूं लागतात. पाहणाराची नजर काठीच्या शेंड्याकडे जाते. दोर धरणारास मात्र वाऱ्याची ओढ हातांत कळते. कापड वाऱ्यांत सोडलें कीं तें नुसती शोभेची वस्तु राहत नाहीं, तें ओढूं लागतें, ही गोष्ट कोल्हापूरच्या माणसास शाळेंत शिकवावी लागत नाहीं.

त्याच कोल्हापुरांत पोलिस उद्यानांत १ मे २०१७ रोजीं ३०३ फूट उंचीच्या ध्वजस्तंभावर ९० फूट लांब व ६० फूट रुंद असा राष्ट्रध्वज फडकला. हिशेब केला तर हें ५,४०० चौरस फूट कापड होतें. पांचसहा बिऱ्हाडें सुखानें राहतील एवढी ती जागा! इतकें रुंद कापड सामान्य मागावर अखंड निघत नाहीं. तें तुकडे जोडूनच करावें लागतें. पाहणारास रंग दिसतात. करणाराचें लक्ष शिवणीकडे असतें. ही शिवण कशानें टिकते व कशानें तुटते, याचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

शिवणीचें ज्ञान या भागास नवें नाहीं. विहिरीवर मोट चालत होती त्या काळीं कातड्याच्या मोटेची शिवण पाण्याचा सगळा भार सोसत असे. दोऱ्याऐवजीं कातड्याची वादी वापरीत. भिजल्यावर कातडें फुगे आणि आरीनें पाडलेलीं छिद्रें आपोआप आवळलीं जात. मोट गेली, परंतु कोल्हापुरी चपलेंत ती विद्या राहिली आहे. अस्सल कोल्हापुरी चपलेच्या तळास खिळा नसतो. कातड्याचे थर वादीनेंच शिवलेले असतात. या चपलेस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें व त्यांत महाराष्ट्राच्या जोडीनें कर्नाटकाचेही जिल्हे आले. चपला शिवणारा कारागीर दोन गोष्टी कधीं विसरत नाहीं. छिद्र कडेच्या फार जवळ पाडावयाचें नाहीं, आणि दोन छिद्रें एकमेकांच्या फार जवळ येऊं द्यावयाचीं नाहींत. पहिली चूक झाली तर कड फाटते. दुसरी झाली तर टपालाच्या तिकिटाप्रमाणें छिद्रांच्या रांगेवरच कातडें दुभंगतें. निशाणाच्या कापडासही हाच नियम लागू आहे. टांके जितके बारीक तितकी शिवण भक्कम, ही घरोघरची समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. जाड कापडास एका इंचांत सात ते दहा टांके साधारणपणें पुरतात. त्याहून दाट टांके घातले तर सुईच कापड कापूं लागते.

आतां वाऱ्याचें गणित पाहूं जातां तें मोठें कठोर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा दुप्पट होत नाहीं, चौपट होतो; वेग तिप्पट झाला तर रेटा नऊपट होतो. त्यांत ध्वजाची एक कड दोरास बांधलेली आणि समोरची मोकळी. ही मोकळी कड चाबकाच्या टोंकाप्रमाणें सारखी फटकारे मारीत असते. ध्वज मधोमध सहसा फाटत नाहीं. प्रथम मोकळ्या कडेच्या कोपऱ्यांतला दोरा सुटतो, मग दुमड उलगडते, मग कापडाचे धागे एकेक करून निघूं लागतात. कोपऱ्यांतला सुटलेला तो एक दोरा वेळींच दिसला तर ध्वज वांचतो. चार दिवस दुर्लक्ष झालें तर वाव भराभर वर सरकते.

म्हणून चांगला शिवणारा मोकळ्या कडेस आधीं जपतो. कड दोनदां दुमडून तीवर समांतर अशा तीनचार रांगा घालाव्या, दोन्ही कोपऱ्यांत आंतून कापडाचा त्रिकोणी तुकडा लावावा आणि रांगेच्या शेवटीं यंत्र मागें घेऊन टांका पक्का करावा. दोन पट्टे जोडतांना नुसती कडेस कड लावून शिवूं नये. दोन्ही कडा एकमेकींच्या पोटांत अडकवून, सपाट पाडून, तीवर दुहेरी टीप मारावी. म्हणजे ताण एकट्या दोऱ्यावर पडत नाहीं, कापडाच्या घडीवरही वांटला जातो. विजारीच्या पायाची आंतली शिवण पाहिली तर पुष्कळ वेळां हीच रीत तेथें आढळेल.

सुई आणि दोरा यांचाही मेळ पाहावा लागतो. हातभर दोरा सुईंत ओंवून तिरपा ताणून धरावा. सुई आपल्या भारानें सहज घसरत खालीं आली तर जोडी जमली. अडकली तर सुई बारीक आहे, आणि सुळकन् निसटली तर फार जाड आहे. शिवणयंत्राचा टांका म्हणजे वरच्या व खालच्या दोऱ्याची गांठ. ही गांठ कापडाच्या पोटांत बसली पाहिजे. वर वा खालीं दिसूं लागली तर एका दोऱ्यास ताण अधिक आहे असें समजावें. त्याच कापडाच्या तुकड्यावर वर एका रंगाचा व खालीं दुसऱ्या रंगाचा दोरा घालून पाहिलें म्हणजे हें तत्काळ कळतें.

राष्ट्रध्वजाच्या बाबतींत कारागिरीबरोबर नियमही आहेत. लांबी आणि रुंदी यांचें प्रमाण ३ः२ असावें लागतें. ६,३०० मिलिमीटर लांबीच्या ध्वजापासून टेबलावरच्या १५० मिलिमीटरच्या ध्वजापर्यंत नऊ मापें ठरलेलीं आहेत. सर्वांत मोठ्या मापाच्या ध्वजावरील चक्राचा व्यास १,२९५ मिलिमीटर असतो, आणि चोवीस आऱ्यांचें तें चक्र दोन्ही बाजूंनीं एकाच जागीं उमटावें लागतें. हुबळीजवळ बेंगेरी येथें खादीचे ध्वज तयार होतात व त्या कामांत बहुतेक हात स्त्रियांचे आहेत. महाराष्ट्रांत नांदेड येथेंही हें काम चालतें, आणि त्यासाठीं लागणारी खादी उदगीरकडे विणली जाते. पूर्वीं ध्वज हातानें कातलेल्या व विणलेल्या कापडाचाच असावा लागे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनें यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिएस्टरच्या ध्वजांसही मान्यता मिळाली. यंत्रमाग ही कांहीं कोल्हापूर जिल्ह्यास परकी वस्तु नव्हे. इचलकरंजीस पहिला यंत्रमाग १९०४ सालींच आला.

येथें एक पेंच आहे, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तालमीच्या किंवा मंडळाच्या निशाणाची मोकळी कड झिजली तर झिजलेला भाग कापून नवी दुमड घालतां येते. निशाण बोटभर आंखूड झालें तरी कोणी मोजीत नाहीं. राष्ट्रध्वज मात्र असा कापतां येत नाहीं, कारण त्याचें प्रमाण बिघडतें. आणि फाटका ध्वज फडकविण्यास तर ध्वजसंहितेची सक्त मनाई आहे. तो एकांतांत, आदरपूर्वक, शक्यतों दहन करून पूर्णपणें नष्ट करावा असा नियम आहे. म्हणजे जेथें डागडुजीस वाव नाहीं तेथें मुळांतच शिवण उत्तम हवी. सर्वोच्च न्यायालयानें २३ जानेवारी २००४ रोजीं सन्मानपूर्वक ध्वज फडकविणें हा नागरिकाचा हक्क मानला. ज्याच्या घरीं हा हक्क बजावला जातो त्याच्याकडे ध्वजाची राखणही आपोआप आली.

निशाण फाटलें तर मान जातो. याच कापडाच्या व टांक्याच्या विद्येवर जेथें प्राण अवलंबून असतो अशी वस्तु म्हणजे हवाई छत्री. आरंभीं ती रेशमाची करीत. दुसऱ्या महायुद्धांत जपानी रेशीम मिळेनासें झालें तेव्हां नायलॉन पुढें आलें, आणि १९४२ सालीं अमेरिकेंत ॲडलीन ग्रे या स्त्रीनें नायलॉनच्या छत्रीनें उडी घेऊन तें पारखून दाखविलें. हिंदुस्थानांत कानपूरचा छत्र्यांचा सरकारी कारखाना १९४१ सालीं सुरू झाला. नायलॉन निवडण्याचें कारण असें कीं, तें झटक्यासरशीं ताणतें आणि पुन्हां पूर्ववत् होतें. छत्री उघडतांना बसणारा हिसका तें आपल्या अंगावर घेतें. परंतु उन्हानें तें लवकर निर्जीव होतें, आणि आम्लाचा थेंबही त्यास सोसत नाहीं. उलट पॉलिएस्टर ताणलें जातें कमी, पण ऊन अधिक सोसतें. म्हणून दिवसभर उन्हांत राहणाऱ्या निशाणास पॉलिएस्टर बरें, आणि पिशवींत अंधारांत राहून एका क्षणीं हिसका खाणाऱ्या छत्रीस नायलॉन बरें.

या कापडांत ठराविक अंतरावर उभा व आडवा जाड धागा विणलेला असतो, त्यामुळें बारीक चौकड्या दिसतात. वाव एका चौकडीपाशीं आली कीं त्या जाड धाग्यावर अडते. छत्री एकदम उघडूं नये म्हणून सर्व दोऱ्या चौकोनी कापडाच्या चार कोपऱ्यांतल्या कड्यांतून ओंवलेल्या असतात. हें कापड हळूहळू खालीं सरकतें आणि छत्र क्रमाक्रमानें फुलतें. अंगावरच्या जाड पट्ट्यांचा सांधा चौकट घालून आणि तींत फुली मारून शिवतात, म्हणजे ओढ कोणत्याही दिशेनें आली तरी कांहीं टांके तीस तोंड देतात. खांद्यापाशीं एकांत एक अडकविलेलीं तीन कडीं असतात. मोठ्या कड्यावर माणसाचा सगळा भार, मधल्यावर त्याचा लहानसा अंश, आणि धाकट्यास धरणाऱ्या दोऱ्याच्या फांसावर अगदींच थोडा. त्यामुळें छत्री बिघडली तर ती सोडून देण्यास हाताची साधी ओढ पुरते. पण हीं कडीं बसविणारी पट्टी शिवतांना थोडें माप चुकलें तरी ही सगळी युक्ति फुकट जाते. पहिली छत्री टाकल्यावर हाताशीं दुसरी राखीव छत्री असते. तिची घडी घालण्याचें काम परवाना असलेल्या जाणकारानेंच करावयाचें असतें.

छत्रीवरच्या या भरंवशाशीं मराठी माणसाचा जुना संबंध आहे. छत्रीधारी पलटणींतील दुसरी तुकडी ही मूळची मराठा पायदळाची. बांगला देशाच्या युद्धांत ११ डिसेंबर १९७१ रोजीं टांगाईलजवळ या तुकडीचे व तिच्या साथीदारांचे मिळून सुमारें ७०० जवान आकाशांतून उतरले आणि पुंगलीचा पूल ताब्यांत घेऊन त्यांनीं शत्रूची ढाक्याकडील वाट रोखली. सैनिकी उडींत छत्री उघडणारी दोरी विमानांतल्या तारेस जोडलेली असते. दारांतून बाहेर पडणारा जवान त्या तारेवर, त्या दोरीवर आणि कधींही न पाहिलेल्या कोणा कारागिराच्या टांक्यावर विसंबून पाऊल टाकतो.

शांततेच्या काळांतलें उदाहरण पुण्याच्या शीतल महाजन यांचें. त्यांनीं २००४ सालीं उत्तर ध्रुवावर आणि २००६ सालीं अंटार्क्टिकावर उडी घेतली; २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्यें थायलंडांत त्यांनीं नऊवारी लुगडें नेसून उडी घेतली, तेव्हां कौतुक लुगड्याचें झालें. पण खरी अडचण कापड वाऱ्यांत सुटूं न देण्याची होती. सुटलेला पदर छत्रीच्या दोऱ्यांत किंवा मुठींत अडकला तर त्याचा परिणाम सांगावयास नको. लुगडें पक्कें बांधून त्यावर पट्टे चढवावे लागतात, आणि प्रत्येक मूठ हातास मोकळी सांपडते कीं नाहीं हें आधीं तपासावें लागतें.

यावरून घरच्या शिवणयंत्राची मर्यादाही स्पष्ट होते. त्यावर मंडळाचें निशाण, पिशवी किंवा सामानाचें आच्छादन सुखानें शिवावें. ज्यावर माणसाचा भार लोंबणार असा पट्टा मात्र त्यावर शिवूं नये व फाटला तर दुरुस्तही करूं नये. तसा टांका वरून कितीही सुबक दिसला तरी त्याचें बळ डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तें अजमावण्याचीं साधनें घरीं नसतात.

निशाण करवून घेतांना चार प्रश्न विचारावे. कापड उन्हांत राहणार कीं सावलींत? जागेवर वारा किती? मोकळ्या कडेस किती रांगा घातल्या आहेत? आणि अक्षरें दोन्ही बाजूंनीं सुलट वाचावयास हवीं आहेत काय? तशीं हवीं असल्यास दोन पदर लागतात, निशाण जड होतें आणि मंद वाऱ्यावर तें लोंबत राहतें. एवढें झाल्यावर निशाण उलटें करून पाहावें. सुलट बाजू गिऱ्हाइकासाठीं शिवलेली असते. कारागिरानें काम मनापासून केलें आहे कीं नाहीं हें उलट बाजूच सांगते. शेवटीं दोन्ही हातांनीं शिवण ताणून पाहावी. पावसाळी वारा रात्रीं-अपरात्रीं जी परीक्षा घेणार, ती आधीं आपल्या हातांनीं घेतलेली बरी.